पाचशे लिटर रस आणि एरंडेलाची बाटली

बिअर शिजवावी लागते, असं बारामतीत कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, किती वेळ? या प्रश्नाचं उत्तर मी अधिकाराने देऊ शकते, कारण ती ज्यावर शिजते ती शेगडी निवडणं हे माझं काम आहे.

गॅसच्या मोठ्या शेगड्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी नोकरीला आहे. मंगल कार्यालयं, वसतिगृहांच्या खानावळी, खव्याच्या भट्ट्या आणि फरसाणवाले ही आमची नेहमीची गिऱ्हाइकं. भांडं केवढं, त्यात काय उकळणार, किती वेळात तापायला हवं, गॅस कुठून येणार आणि हवा कुठून जाणार, एवढं विचारून शेगडी ठरवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण गिऱ्हाइकाला यातल्या एकाही प्रश्नात रस नसतो. तो शेगडी कानाने निवडतो. भर्रर्र आवाज आला की ती चांगली. शांत निळ्या जाळाची दाखवली तर म्हणतो, "ही आजारी हाय का?"

निरवांगीच्या एका आचाऱ्याने आमची शेगडी महिन्याभरात परत आणली होती. पातेली काळी होतात, म्हणाला. उघडून पाहिलं तर गॅस जिथून येतो ते बारीक भोक त्याने गोधडी शिवायच्या दाभणाने मोठं केलेलं. गॅस वाढला, हवा तेवढीच राहिली, जाळ पिवळा झाला आणि काजळी धरली. मी त्याला हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, की मग हवेचं भोक मोठं करायला कोणता दाभण वापरू. दुसरा एक खवेवाला थंडीत सिलिंडरला कढत पाण्याने आंघोळ घालायचा. एका सिलिंडरमधून भसाभस गॅस ओढला की तो गार पडतो, त्यावर बर्फ धरतो आणि गॅस कमी येतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे दोन-चार सिलिंडर एका ओळीत जोडायचे. पण त्याला आंघोळ स्वस्त वाटली. त्याच्या भट्टीवर मी सगळ्यांसमोर भाषण ठोकलं आणि चार सिलिंडरची ओळ जोडून होईपर्यंत तिथून हलले नाही.

भाषणाची सवय घरची. माझे वडील, अण्णा, छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे जुळवायचे. पंचक्रोशीतल्या प्रत्येक मोर्चाचं पत्रक त्यांच्या हातून जुळलं आणि उरलेल्या प्रतींची कव्हरं माझ्या वह्यांना चढली. मला बाराखडीच्या आधी 'झालीच पाहिजे' वाचता येत होतं. त्यातली निम्मी पत्रकं दारूबंदीची. त्यामुळे इंदापूर तालुक्यात, डाळजच्या बाजूला, एक छोटा बिअरचा कारखाना निघतोय आणि त्याच्या शेगड्या मी ठरवणार, हे कळल्यावर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, की तिथे जाळापुढे उभा राहणारा माणूस कोण, आणि त्याचं काय ठरलंय. आमच्या घरात दारूबंदीवाला हरला आणि कामगारवाला जिंकला, एवढं समजून मी एसटी पकडली.

कारखाना म्हणजे हमरस्त्यापासून आत, उसाच्या मधोमध एक लांब शेड. मालक विक्रमदादा चाळिशीचे. त्याच शेडमध्ये पूर्वी त्यांच्या घरचं गुऱ्हाळ होतं. ते बंद पडलं, धुराने काळ्या झालेल्या भिंतीला पांढरा रंग गेला आणि तिथे स्टीलची तीन चकचकीत भांडी येऊन बसली. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पहिल्या भांड्यात पाणी तापतं. दुसऱ्यात मोड आणून वाळवलेला जव त्या पाण्यात भिजतो आणि त्याचा गोड रस निघतो. तिसऱ्यात तो रस कडू फुलं घालून तासभर उकळायचा. मग गार करायचा, यीस्ट घालायचं आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. म्हणजे गुऱ्हाळच. फरक इतकाच की शेवटी ढेप निघत नाही.

हे साम्य सर्वांत आधी तात्यांनी ओळखलं. तात्या त्या गुऱ्हाळाचे गुळव्या, म्हणजे रस कधी उतरवायचा ते नजरेने ठरवणारे. तीस वर्षं त्यांनी काहिलीपुढे, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपुढे, काढली होती. गुऱ्हाळ बंद झालं आणि वयाच्या बासष्टीला त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा ते म्हणाले होते, "ऊस तोडायला कंबर न्हाय, राखण करायला रात्रीचा डोळा लागतो. आपल्याला फकस्त जाळापुढं कळतं, पोरी."

दादांनी त्यांना उकळीच्या भांड्यावर घेतलं. पण बिअर बनवायला पुण्याहून आलेला शंतनू याला राजी नव्हता. शंतनू माझ्याच वयाचा, परदेशात शिकून आलेला, आणि स्वच्छतेचा इतका कडक की दादांनाही पाय धुवायला लावूनच आत घ्यायचा. त्याला तात्यांच्या जागी एक पडदा हवा होता, ज्यावर बोट ठेवलं की जाळ कमी-जास्त होईल. दोघांची ओढाताण मिटवायला दादांनी तोड काढली. एका वेळच्या उकळीला गुऱ्हाळात आदण म्हणतात. पहिली तीन आदणं नीट उतरली तर तात्या कायम. एक जरी बिघडलं, तर तात्यांनी घरी बसायचं.

ही अट ऐकून माझ्या अंगात सगळी पत्रकं एकदम संचारली.

शंतनूने निवडलेली शेगडी वाईट नव्हती. पंख्याने हवा मारणारी, स्वतः पेटणारी, स्वतः विझणारी. पण ती विजेवर चालायची आणि डाळजची वीज कधी जाते याचा अंदाज तिला परदेशात बसून कुणी दिलेला नव्हता. सुटा भाग हवा तर महिनाभर वाट. मी तिच्याविरुद्ध चार पानी टिपण लिहिलं. आमची साधी शेगडी घ्या, त्यात जाळ विझला तर गॅस आपोआप बंद करणारी झडप बसवून देते. ती झडप पुन्हा उघडायची तर माणसाला बटण अर्धा मिनिट दाबून धरावं लागतं. म्हणजे सुरक्षा आणि माणूस, दोन्ही एकाच बटणात. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. टिपणात 'श्रम' हा शब्द जागोजागी होता, 'प्रतिष्ठा' त्याच्या मागोमाग होता. तात्यांना विचारून लिहिलेली एक ओळही नव्हती.

शेड एसीसाठी चहूबाजूंनी बंद केली होती. कोंडलेल्या जागेत गॅस जळला तर विषारी हवा साचते आणि तिला वास नसतो, हे सांगून दादांना पटेना, तेव्हा मी भिंतीवर हाताने लिहिलेलं पत्रक चिकटवलं आणि भिंत फोडेपर्यंत काडी ओढणार नाही असं जाहीर केलं. दादा गवंड्याला फोन लावताना म्हणाले, "आमी शेगडी मागवली होती, आंदोलन आलंय." पण दोन्ही बाजूंना झरोके पडले.

आता माझी चूक.

शंतनूने विचारलं, तुमची शेगडी पाचशे लिटरला किती वेळात उकळी आणेल? माझी म्हणते तीस मिनिटं. मी म्हणाले, पंचवीस. दादांनी आमची घ्यायचं ठरवलं. हे वाक्य तोंडातून गेल्यावर शेगडी निवडणं संपलं आणि शर्यत सुरू झाली. उकळीच्या भांड्याखाली मी, आम्ही मंगल कार्यालयात लावतो तसली जोरदार जेटची शेगडी बसवली, आमच्याकडची सर्वांत मोठी. चाचणीच्या दिवशी भांडं पाण्याने काठोकाठ भरलं. शेगडीने असा आवाज काढला की रस्त्यावरचे दोन ट्रॅक्टर थांबून बघायला आले. तेविसाव्या मिनिटाला पाणी खदखदलं. दादांनी पेढे वाटले. शंतनूने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. तात्या भांड्यात डोकावून बघत होते आणि काहीतरी बोलणार होते, पण मी फोटो काढत होते.

पाण्याला फेस येत नाही. एवढी साधी गोष्ट. शेगडी पाण्यावर तपासायची हा आमच्या धंद्याचा रिवाज, आणि मी आयुष्यभर ज्यात भात, आमटी आणि बासुंदी शिजते त्या भांड्यांचे आकडे पाण्यावर काढत आले. पण आचारी भांडं अर्धं भरतो. हा रस काठोकाठ होता.

पहिल्या आदणाला मी नव्हते, मोरगावला एका खानावळीत होते. दादांचा फोन आला की आदण झकास उतरलं, तात्यांनी कमाल केली, रस इतका निवांत उकळला की शंतनूसुद्धा गप्प बसला. मी ही बातमी अण्णांना सांगितली, वर्कशॉपमध्ये सांगितली, आणि दादांच्या ओळखीचे तिघे तसलीच शेगडी मागताहेत असं कळल्यावर वर्कशॉपच्या मालकांना दोनदा सांगितली.

तीन आठवड्यांनी शंतनूने पहिला ग्लास भरला. रंग चांगला, वास चांगला, चव चांगली. फेस नाही. बुडबुडे वर येत होते आणि काही न बोलता फुटत होते. बिअरवर फेस नसणं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्या हॉटेलवाल्यांना तो ती विकणार होता त्यांनी ग्लासकडे एकदाच पाहून विचारलं म्हणे, की हा काढा आहे का. शंतनूने पाणी तपासलं, ग्लास चार वेळा धुतले, यीस्ट पाठवणाऱ्याशी भांडला. शेवटी दादांनी सहज तात्यांना विचारलं, की त्या दिवशी तुम्ही केलं तरी काय.

तात्यांनी अभिमानाने खिशातून बाटली काढली. एरंडेल.

गुऱ्हाळात हे सगळ्यांना ठाऊक असतं. काहिलीतला रस उतू जायला लागला की वरून तेलाचे चार थेंब सोडायचे, फेस जागच्या जागी बसतो. तात्यांनी तीस वर्षं तेच केलं होतं आणि गूळ कधी बिघडला नव्हता, कारण गुळाला कुणी फेस मागत नाही. बिअरला मागतात. आणि तेलाने बसलेला फेस बिअरमध्ये पुन्हा उठत नाही. चार थेंबांनी भागलं नाही म्हणून, शंतनू बाकीची भांडी धुण्यात असताना, तात्यांनी तासाभरात अर्धी बाटली संपवली होती.

पाचशे लिटर बिअर सरकारी सोपस्कार करून ओतून दिली. शंतनू रागावण्याच्या पलीकडे गेला होता. दादा मात्र हसावं की रडावं या पेचात होते, कारण त्यांच्या दोन मित्रांनी आदल्या आठवड्यात ती बिअर हौसेने चार-चार ग्लास प्यायली होती आणि एरंडेलाचा दुसरा गुण गावात कुणाला सांगायला नको होता.

पण अट ती अट. तात्यांनी घरी बसायचं ठरलं. मला बोलावणं आलं ते पुण्याहून येणाऱ्या नव्या माणसाला शेगडी शिकवायला.

मी गेले तेव्हा तात्या शेडबाहेर बसले होते. मी त्यांच्यावर जरा चिडलेच होते. मी चार पानं लिहिली आणि यांनी अर्ध्या बाटलीत ती बुडवली. विचारलं, जाळ कमी का नाही केला? तेल कशाला?

"केला ना," तात्या म्हणाले. "कमी केला की फट्‌ करून इझती. तुझं त्ये बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. पेटली की पुना वाघासारखी अंगावर. रस वर, मी खाली. पाच बारी झालं, मग बाटली काढली. तुझ्या शेगडीला दोनच गोष्टी येत्यात, पोरी. एक रागवायचं, न्हाय तर मरायचं."

मी आत गेले, शेगडी पेटवली आणि हळूहळू बटण फिरवलं. निम्म्याच्या खाली आणलं की जाळ आत ओढला जाई आणि फट्‌ आवाज करून विझे. झडप इमानाने बंद होई. ती नीट होती, मी बसवली होती. शेगडीही मीच निवडली होती. उकळी आणायचा जाळ वेगळा आणि उकळी राखायचा जाळ वेगळा, हे मी गिऱ्हाइकांना दहादा सांगते. इथे मी पहिलाच बघितला होता, तोही घड्याळात.

ज्यांच्या नोकरीसाठी मी भांडत होते, त्यांची नोकरी माझ्या शेगडीने घालवली होती. हे तात्यांखेरीज फक्त मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले असते तर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. तीन नव्या ऑर्डरी वाट बघत होत्या. मी गप्प बसण्याचा विचार केला. पाचेक मिनिटं केला. लिहायला लाज वाटते, पण केला.

मग दादांना म्हणाले, नव्या माणसाला शिकवण्याआधी मला एक चाचणी घ्यायची आहे, उसाचा रस मागवा. डाळजला उसाचा रस मागवणं म्हणजे शेजाऱ्याला हाक मारणं. दुपारपर्यंत भांडं काठोकाठ भरलं. तात्यांना आत बोलावून मी खुर्चीवर बसवलं आणि बाटली माझ्याकडे घेतली. शंतनूला म्हणाले, तू सांभाळ. तेल घालायचं नाही.

तो आत्मविश्वासाने पुढे झाला. तेविसाव्या मिनिटाला रस उठला. शंतनूने जाळ कमी केला, फट्‌. बटण दाबून उभा राहिला, पेटली, रस पुन्हा उठला. दादा मदतीला धावले. तिसऱ्या वेळी फेस काठावरून असा आला, की शंतनूचे पांढरे बूट, दादांची विजार आणि माझी अवजारांची पिशवी एकत्रच चिकट झाली. तात्या खुर्चीतून सूचना करत होते आणि अगदी मनापासून खूश दिसत होते. "दादा, मागं सरा. न्हाय, अजून मागं. आता मुंग्या येतील, त्यांचं बी बघा."

गॅस मुख्य नळीला बंद केला. फरशीवर गुडघ्यांवर बसून मी सांगितलं, की चूक माझी आहे. शेगडी चुकीची निवडली आणि तपासली पाण्यावर. या शेगडीवर तात्यांनी पहिलं आदण बाहेर सांडू दिलं नाही, हेच नवल आहे. तीन ऑर्डरींनाही मी हेच कळवणार.

शंतनू बुटांकडे बघत होता. दादा म्हणाले, "बोलायला लागली की चार पानं बोलती. ह्ये दोन वाक्यांत उरकलं." मग विचारलं, आता पुढे काय.

मी तात्यांकडे वळले आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं: काहिलीखाली जाळ कसा धरता?

तात्या उठले. बोटाने चिकट फरशीवर गोल काढला आणि मधोमध रेघ मारली. "उकळी येईस्तोवर समद्या अंगानं. आली की एका अंगाचा काढायचा. मग रस जाळाच्या अंगानं वर येतो अन् गार अंगानं खाली जातो. फेस गार अंगाला गोळा हुतो, तितं झाऱ्यानं मोडायचा. तेल लागतंच कशाला? जाळ्या येडा असला तर लागतं." जाळ्या म्हणजे चुलवाणात चिपाड सारणारा. इथे ती जागा माझ्या शेगडीची होती.

वर्कशॉपमध्ये परत येऊन मी त्या फरशीवरच्या चित्राची शेगडी बनवली. दोन अर्धचंद्र, जेटऐवजी बारीक भोकांची कडी, प्रत्येकाला वेगळं बटण आणि वेगळी झडप, आणि अगदी मंद केली तरी न विझणारी. उकळी यायला चाळीस मिनिटं लागतात. शर्यतीत ती कुणालाच हरवत नाही आणि तिला आवाजही नाही. दादांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा विचारलंच, ही आजारी आहे का.

दादांनी अट नव्याने मांडली: गेलेलं आदण शेगडीच्या खाती, तात्यांची तीन पहिल्यापासून. तिन्ही उतरली. तात्या झारा घेऊन गार बाजूला उभे राहायचे, फेस मोडायचे, आणि शंतनू त्यांच्या शेजारी उभं राहून वहीत काहीतरी लिहायचा. तिसऱ्या आदणाचा ग्लास भरला तेव्हा वर दोन बोटं फेस होता. तात्या पीत नाहीत. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला, फेस बसायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि परत दिला. घरी त्यांनी आपण काढ्याच्या कारखान्यात आहोत असं सांगून ठेवलंय.

त्याच दिवशी दादांनी नेमणुकीचं पत्र आणलं. मी हावरटासारखं आधी वाचलं. पदासमोर 'मदतनीस' लिहिलं होतं. मी तोंड उघडलं, आणि कदाचित पहिल्यांदाच मिटलं. पत्र तात्यांकडे दिलं.

तात्यांनी सावकाश वाचलं. "ह्ये न्हाय जमायचं," ते शंतनूकडे आणि माझ्याकडे बोट करत म्हणाले. "मदत ही दोघं करत्यात. मी गुळव्या हाय."

दादा म्हणाले, तात्या, इथे गूळ कुठं होतोय, सरकारी कागद आहे, कुणी विचारलं तर काय सांगू. तात्यांनी पत्र परत पुढे धरलं आणि तसंच धरून ठेवलं. मग शंतनूने खिशातून पेन काढलं, 'मदतनीस' वर नीट एक रेघ मारली आणि वर लिहिलं: 'गुळव्या'. पाच वर्षं इंग्रजीत शिकलेल्या त्या मुलाने ळ जरा वाकडा काढला, पण काढला. दादांनी खाली सही केली.

मी अर्थातच बोलायला लागले. म्हणाले की हा नुसता एक शब्द नाही, हा कौशल्याचा स्वीकार आहे, आणि खरं तर प्रत्येक कारखान्याने...

तात्यांनी पत्राची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, झारा उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"पोरी, पुढचं आदण चढवायचंय," ते म्हणाले. "एवढं बोलतीस, तर जरा उजव्या अंगाचा जाळ लाव."

मी बटण अर्धा मिनिट दाबून धरलं.